तारीख मिळाल्यानंतरचे दिवस

नमस्कार श्रोतेहो. स्तनातल्या गाठीच्या बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट नुकताच हातात पडलाय, त्यात कॅन्सर निघालाय आणि ऑपरेशनची तारीख दोन-तीन आठवड्यांनंतरची आहे, अशी कुणी आज ऐकत असेल, तर हे बोलणं मुख्यतः तिच्यासाठी आहे.

मीही त्या दिवसांतून गेले आहे. रात्री अडीचला जाग यायची आणि पांघरुणाखाली हात आपसूक गाठीवर जायचा. कालच्यापेक्षा मोठी लागतेय का? चार दिवसांत ती जागा ठणकायला लागली. ‘पसरला,’ या भीतीनं पोटात गोळा आला. डॉक्टरांनी तपासलं आणि हळूच विचारलं, “किती वेळा दाबून बघता?” ठणका माझ्याच बोटांचा होता.

हाताला लागण्याएवढी गाठ व्हायला बहुतेकदा काही वर्षं लागलेली असतात. त्यामुळे नीट तपासण्या करून आखलेल्या दोन-तीन आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. तारीख मात्र आपणहून पुढे ढकलू नका. आणि स्तन झपाट्यानं लाल, गरम, सुजलेला दिसायला लागला, तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

या दिवसांत तुमच्या गाठीच्या तुकड्यावर काम चालू असतं. ईआर, पीआर (गाठ शरीरातल्या हॉर्मोन्सवर वाढते का) आणि हर-टू (वाढीला जोर देणारं एक प्रथिन जास्त आहे का) या तपासण्यांवरून कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. काहींना आधी केमो आणि मग ऑपरेशन सांगतात. हाताबाहेर गेलं म्हणून ते सांगतात, असं समजू नका; गाठ आधी लहान करायची असते, औषधाचा गुण येतोय का तेही दिसतं.

रिपोर्टवर ‘ग्रेड तीन’ वाचून मी तिसरी स्टेज समजले. दोन दिवस घास उतरला नाही. पेशी किती बदलल्यात ते ग्रेड सांगते, आजार किती पसरलाय ते स्टेज. हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, अजूनही वाटतं.

“सगळं काढूनच टाक, म्हणजे सुटलीस,” असं जवळची माणसं मायेनंच म्हणतात. पण अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी 1976 साली सुरू केलेल्या अभ्यासात स्त्रियांची वीस वर्षं नोंद ठेवली. निष्कर्ष 2002 साली आले: फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. सगळ्यांनाच हा पर्याय नसतो. गाठी अनेक ठिकाणी असतील तर वेगळा विचार होतो. मला चालेल का, हे विचारण्याचा हक्क मात्र प्रत्येकीला आहे.

आजार काखेपर्यंत पोचलाय का ते बघायला तिथल्या लसिकाग्रंथी तपासतात; त्यासाठी निळं औषध टोचणार असतील तर लघवी हिरवट-निळी होते. घाबरू नका, एक-दोन दिवसांत रंग जातो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आत्ताच सांगा. घरी येताना पुढून बटणं असलेला सदरा हवा, हात वर होत नाही.

आणि पुढच्या भेटीला प्रश्नांची वही न्या, सोबत एक माणूसही. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडला की पुढचं आपल्याला ऐकूच येत नाही. माझ्या बहिणीनं ते सगळं लिहून घेतलं होतं. नमस्कार.