गव्हाणीतलं लोह

(दृश्य: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला एक गोठा, पावसाळ्यातली सकाळ. आंबोणाची बादली. तळहातावर फिकट हिरवट खडे.)

ही हिराकस पूड. रसायनशास्त्रात हिला फेरस सल्फेट म्हणतात. पशुखाद्यात लोह घालायचं तर बहुतेक हीच वापरतात, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्यातलं लोह जनावराच्या अंगी लागतं. जरा जवळून बघा. खड्यांच्या कडा तपकिरी पडल्यात. पिशवीचं तोंड उघडं राहिलं आणि इथली दमट हवा लागली की पूड गंजते. गंजलेलं लोह फारसं पचत नाही. वर खनिज मिश्रणात जीवनसत्त्वं असतील, तर अ आणि ई लोहाच्या संगतीत लवकर खराब होतात.

(दृश्य: गावातली दूध डेअरी. कॅन घेऊन उभी असलेली माणसं.)

डेअरीच्या रांगेत हे बोलणं नेहमी कानावर येतं. “गाय उलटायल्या. अंगात रक्तच नाही तिच्या. लोहाचं काय तरी द्या की.” उलटणं म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येणं. मग टॉनिकची बाटली येते, नाहीतर पुडी. रक्त वाढेल, नाही वाढलं तरी अपाय काय होणार, असा सगळ्यांचा समज असतो. अपाय होतो. तो कसा, हे कळायला आधी गव्हाणीचा हिशोब मांडावा लागेल.

एक दुभती गाय दिवसाला, पाणी वजा करून, 12 किलो वैरण आणि खुराक खाते असं धरू. तिला किलोमागे 15 ते 25 मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे दिवसाला 180 ते 300 मिलिग्रॅम. वैरणीत किलोमागे 150 मिलिग्रॅम लोह सापडणं ही अगदी साधी गोष्ट. तेवढं धरलं तरी पोटात 1,800 मिलिग्रॅम गेलं. गरजेच्या सहा ते दहा पट, आणि पुडी तर अजून फोडलेलीही नाही.

(दृश्य: जांबोटीकडचा रस्ता. कापलेल्या दरडीत जांभा दगड. पावसानं उडालेली तांबडी माती गवताच्या पात्यांवर.)

त्यात आपला हा पश्चिम पट्टा जांभ्याचा. इथल्या मातीचा तांबडा रंगच लोहाच्या ऑक्साइडचा आहे. पावसाचे थेंब जमिनीवर आपटतात, चिखल गवतावर उडतो, भाताचं पिंजार खळ्यात मातीत लोळतं आणि जनावर ते सगळं खातं. बोअरच्या पाण्यानं हौदाला तांबूस थर धरत असेल, तर पाण्यातूनही लोह जातं.

मातीतलं लोह पचायला जड असतं, हे खरं. त्यातलं बरंचसं शेणावाटे निघून जातं. पण मातीसकट कापलेला मका मुरघासासाठी, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेल्या चाऱ्यासाठी, खड्ड्यात दाबला की तिथल्या आंबटपणानं तेच लोह विरघळू लागतं आणि अंगी लागण्याजोगं होतं. मुरघास आता गावोगाव पोचलाय, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. मका जमिनीला लागून कापू नका, चार बोटं वरून कापा.

(दृश्य: काळ्या-पांढऱ्या संकरित गाईचा चेहरा, अगदी जवळून.)

हिच्या डोळ्याभोवतीचे केस पाहा. काळे असायला हवेत, ते विटलेत, तपकिरी झालेत. तांबं कमी पडल्याची ही एक खूण. लोह जास्त झालं की ते तांब्याच्या मुळावर येतं. गाईच्या पहिल्या पोटात लोहाची गंधकाशी गाठ पडते. ही जोडी चौथ्या पोटात, तिथल्या आम्लात, सुटते. मोकळा झालेला गंधक तांब्याला धरतो आणि तांबं रक्तात न जाता शेणातून बाहेर पडतं, अशी शास्त्रज्ञांची मांडणी आहे. आहारात किलोमागे 250 ते 500 मिलिग्रॅम लोह झालं तरी तांब्याचा साठा उतरलेला आढळला आहे. आणि तांबं घटलं की गाय माजावर नीट येत नाही, रक्तही कमी होतं. ज्या तक्रारीसाठी लोह दिलं, तीच तक्रार लोहानं वाढते.

चिकोडी, अथणीकडे माती काळी. पण तिथं दावणीला उसाचं वाडं असतं, खुराकात मळी असते आणि मळीत गंधक असतो. तिथंही जपूनच.

(दृश्य: पशुखाद्याचं पोतं. कन्नड आणि इंग्रजीत छापलेलं लेबल.)

युरोपात खाद्यात वरून घालायच्या अशा घटकांची छाननी इटलीतल्या पार्मा इथली अन्नसुरक्षा संस्था करते. जनावर, दूध-मांस खाणारा माणूस, खाद्य हाताळणारा कामगार आणि पर्यावरण, या सगळ्यांना धोका किती, हे तिथं तपासतात. 2017 च्या युरोपीय नियमात गाई-गुरं आणि कोंबड्यांसाठी किलोभर पूर्ण खाद्यात जास्तीत जास्त 450 मिलिग्रॅम लोह ठरलं. गुरांसाठी आधी ही मर्यादा 750 होती. माझ्या मते त्यातली खरी मोलाची गोष्ट म्हणजे हा आकडा एकूण लोहाचा आहे. वैरणीतलं मूळचं आणि वरून घातलेलं, दोन्ही मिळून. आपल्याकडे खनिज मिश्रणासाठी भारतीय मानक आयएस 1664 आहे, पोत्यावर तो क्रमांक बघता येतो. पण पोतं फक्त पोत्यातलं सांगतं. मराठीच वाचणाऱ्या आमच्या आयाबहिणींना तर तेवढंही सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

पुडीचा उगमही विचारायला हवा. पोलाद धुताना किंवा टायटॅनियमचा पांढरा रंग बनवताना फेरस सल्फेट उपउत्पादन म्हणून निघतं. ते खाद्याच्या दर्जाचं शुद्ध केलेलं नसेल, तर शिसं, आर्सेनिक, कॅडमियम सोबत येऊ शकतं. म्हणून शेतीसाठीचं स्वस्त फेरस सल्फेट आंबोणात कधीही घालू नका. पूड हातानं कालवताना नाकातोंडाला फडकं बांधा. तिची धूळ डोळ्यांना आणि छातीला झोंबते.

(दृश्य: दुधावरचं वासरू.)

लोह लागतं ते याला. गाईच्या लिटरभर दुधात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. महिनोन् महिने नुसत्या दुधावर ठेवलेलं वासरू खरोखरच पांढरं पडतं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्यापुढे वासरांचा खुराक आणि वाळलं गवत ठेवावं. मोठ्या गाईचं रक्त कमी झालं असेल, तर आधी गोचीड आणि जंत बघा. रक्त पिणारे तेच.

(दृश्य: विळ्यानं गवत कापणारे हात, कापडी पिशवी.)

आणि पुडी घेण्याआधी चाऱ्याचा नमुना तपासायला द्या. गव्हाणीत चार-पाच ठिकाणांहून मूठमूठ घ्या, सावलीत वाळवा, आणि लोहाबरोबर तांबं, जस्त, तांब्याला अडवणारं मॉलिब्डेनम आणि गंधकही मोजून मागा. नमुना धुऊ मात्र नका. गाय तो मातीसकटच खाते.