सायफर : रिकाम्या जागेचे नाव

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढावर एकाच खडकातून कोरून काढलेले चतुर्भुज मंदिर आहे. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात दिली आहे आणि रोज ५० माळा वाहण्याची व्यवस्था नोंदवली आहे. या दोन्ही संख्यांच्या शेवटी, इतर अंकांहून लहान असे जे वर्तुळ दिसते, ते शून्य.

शून्य म्हणजे रिकामे. भारतीय अंक अरबांकडे पोहोचले तेव्हा त्यांनी या शब्दाचा उच्चार घेतला नाही, अर्थ घेतला. अरबीत रिकाम्याला ‘सिफ्र’ म्हणतात, तेच नाव त्यांनी या अंकाला दिले. ‘झीरो’ हा ‘शून्य’चाच अपभ्रंश आहे असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. नाते आहे ते अर्थाचे, आणि ते मला अधिक मोलाचे वाटते, कारण उच्चार नुसता ऐकूनही उचलता येतो, अर्थ आपल्या भाषेत आणायचा तर मूळ कल्पना समजावी लागते.

पिसा शहरातील लिओनार्दो, म्हणजेच फिबोनाची, उत्तर आफ्रिकेतील बुजिया बंदरात हे अंक शिकला. त्याचे वडील तेथे पिसाच्या व्यापाऱ्यांच्या जकातीचे काम पाहत. १२०२ मध्ये लिहिलेल्या ‘लिबेर अबाची’ या ग्रंथात त्याने ‘सिफ्र’चे लॅटिन रूप ‘झेफिरम’ असे केले. इटालियन भाषेत ते झिजत ‘झेरो’ झाले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आले. त्याआधी सुमारे दोनशे वर्षे, फ्रेंचमार्गे आलेला ‘सायफर’ हा त्याचा सख्खा भाऊ इंग्रजीत शून्याचे काम करत होता.

पुढे ‘सायफर’ कोणत्याही अंकाला म्हणू लागले. फ्रेंच ‘शिफ्र’ आणि जर्मन ‘त्सिफर’ यांचा अर्थ आजही अंक असाच आहे; नव्याने आलेल्या एकाचे नाव साऱ्या कुटुंबाला लागले. गुप्त पत्रांत अक्षरांऐवजी अंक आणि खुणा लिहीत, म्हणून त्या सांकेतिक लिपीलाही सायफर हेच नाव पडले.

ज्याला काही किंमत नाही अशा माणसालाही इंग्रजीत सायफर म्हणतात. मराठीत शून्याचे जुने नाव ‘पूज्य’, आणि गणित न येणाऱ्याला आपणही ‘गणिताच्या नावाने पूज्य’ म्हणतो. ग्वाल्हेरच्या त्या शिलालेखातले छोटे वर्तुळ पुसले, तर देवाला मात्र रोज पाचच माळा मिळतील.