ओहोटी पाहून किनारा: अलिबाग ते मालवण

समोर दिसतोय तो अलिबागचा कुलाबा किल्ला. सकाळी आठ वाजता माणसं तिकडे चालत निघाली आहेत. याच वाटेवरून दुपारी होड्या जातील. तारीख वा वार पाहून इथे येण्यात अर्थ नाही, तिथी पाहावी लागते.

किनाऱ्यावरचा हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. शुद्ध असो की वद्य, रीत तीच. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास समुद्र भरलेला. त्यापासून सव्वासहा तास पुढेमागे मोजले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून त्या दिवसाचं छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहावंच.

पण नुसती वेळ जुळून भागत नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, सुट्टीच्या दिवशी अगदी सोयीची. मात्र ते दिवस भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे. पाणी पुरतं उतरत नाही आणि किल्ल्याची वाट गुडघा-मांडीभर पाण्यात राहते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा भरती उंच चढते आणि ओहोटीही खोलवर जाते. तेव्हा ओहोटी येते ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे जरा अडनिड्या वेळी. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सर्वांत बरे. उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते.

निघायचं पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी. किल्ला तासाभरात पाहून होतो. आत 1759 साली राघोजी आंग्रे यांनी बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे आणि खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात असूनही गोड पाण्याची विहीर आहे. तटाजवळ जरा थांबा. मोठमोठे दगड चुन्याशिवाय, एकावर एक नुसते रचलेत. लाट आदळते, पाणी फटींतून आत शिरतं आणि तसंच मागे फिरतं. त्यामुळे तटाला बसणारा मार कमी होतो.

परत फिरायची वेळ मात्र पाळायलाच हवी. पाणी सहा तास एका गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा हिस्से केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन आणि तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन हिस्से चढतात. चढ चार मीटरचा धरला, तर एकट्या तिसऱ्या तासात मीटरभर पाणी वाढतं. पहिला तास शांत जातो आणि माणसं तिथेच फसतात. ‘अजून तर वाळू कोरडी आहे’ म्हणत फोटो काढत बसतात, तोवर मधल्या खोलगट पट्ट्यात पाणी भरलेलं असतं. पुढचा किनारा कोरडा, मागची वाट बंद. असं झालंच, तर उतरायचं धाडस नको. किल्ल्यावरच थांबायचं किंवा होडी मिळाली तर होडीने यायचं.

पायात पट्ट्याच्या चपला हव्यात. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि हिरव्या शेवाळावर तर अनवाणी पायही घसरतो.

गाडी वाळूवर नेऊ नये, हे सांगून कुणी ऐकत नाही. ओली वाळू वरून टणक दिसते, पण चाक जागच्या जागी फिरलं की खालची वाळू सैल होऊन गाडी तळापर्यंत बसते. रुतल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर खड्डा खोल होतो, बाकी काही होत नाही. पाय काढायचा, टायरची हवा कमी करायची, चाकापुढची वाळू उपसायची, फळ्या टाकायच्या आणि ओढायला माणसं बोलवायची. हे सगळं पाणी यायच्या आत.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग खडकांतून थेट समुद्राच्या काठाने जातो. तिथे ओहोटीशिवाय पाऊल टाकू नका. खडक कोरडा दिसला तरी एखादी मोठी लाट वरपर्यंत येते.

दक्षिणेला भरती-ओहोटीच्या पातळीतलं अंतर कमी होत जातं. मालवणात ते मुंबईच्या निम्म्याच्या आसपास राहतं. तिथला सिंधुदुर्ग किल्ला बारमाही पाण्यातच आहे. त्याच्या बांधकामाचा आरंभ 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर झाला. मालवणच्या धक्क्यावरून होडी निघते. आत शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी पाहायच्या. तटावरून फिरायचं तर हाताशी वेळ ठेवा, घेर मोठा आहे.

तारकर्लीच्या पुढे देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला खाडीतला वाळूचा दांडा उघडा पडतो आणि होड्या तिथे माणसं उतरवतात. दांड्यावर खुशाल बसा, पण संगमाच्या तोंडाशी पोहू नका. ओहोटीत खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर धावतं आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्या उलट जाऊ शकत नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत ओढीतून बाहेर पडा.

पाण्याखालचं पाहायचं असेल, तर हिशोब उलटा. उधाणात वाळू ढवळून पाणी गढूळ होतं, म्हणून इथे भांगाचे दिवस निवडा. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि वेळ सकाळची, वारा सुटायच्या आत. प्रवाळावर पाय ठेवू नका. 1987 पासून मालवणचा हा पट्टा सागरी अभयारण्य आहे. जूनपासून ऑगस्टअखेर किल्ल्याच्या होड्या आणि डायव्हिंग दोन्ही बंद असतं, तेव्हा त्या महिन्यांतलं आगाऊ बुकिंग कुणी घेत असेल, तर पैसे देऊ नका.