बंपरमागचा दोन तारांचा सेन्सर

मंडळी, भर मे महिन्यात गाडीच्या पडद्यावर उणे ४० अंश दिसू लागले आणि त्याच दिवशी एसीही गार करेनासा झाला, तर आधी गॅस भरायला धावू नका. बंपरमागच्या तापमान-सेन्सरचा कनेक्टर निघालेला असू शकतो.

बाहेरचं तापमान मोजणारा हा सेन्सर म्हणजे करंगळीच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या जाळीमागे किंवा बंपरच्या आडव्या पट्टीवर, एसीच्या कंडेन्सरच्या पुढे बसवलेला असतो. काही गाड्यांत तो बाजूच्या आरशाच्या पोटात असतो. खालून पाहिलं की बारीक भोकातून त्याचं टोक दिसतं. इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर वेगळा. दुकानात मागताना घोटाळा होतो तो इथेच.

आत थर्मिस्टर असतो. ऊन वाढलं की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो. समजा, २५ अंशांना १० किलो-ओहमचा आहे; मग शून्याला तो साधारण ३० आणि ४० अंशांना साडेपाच किलो-ओहम भरेल. मूळ आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून त्या मॉडेलचा तक्ता हवाच. कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट देतं आणि सेन्सरवर किती उरले ते वाचतं. तार तुटली की रोध अमर्याद, व्होल्ट पूर्ण ५. युनिटच्या लेखी कडाक्याची थंडी! एवढ्या थंडीत कॉम्प्रेसर चालवायचा नाही, असा नियम अनेक गाड्यांत घातलेला असतो, म्हणून एसी बंद. बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी००७३ हा कोड दिसतो. दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या तर उलटं घडतं: आकडा अवाच्या सवा चढतो आणि कोड पी००७२ येतो.

याहून फसवा प्रकार म्हणजे पिनांवरचा हिरवा कळंक. पावसाळ्यात चिखलपाणी थेट तिथेच उडतं. त्या कळंकाने फक्त २ किलो-ओहम वाढवले, तरी वरच्या उदाहरणातल्या सेन्सरला ४० अंशांचे ३२ वाटतात. कोड येत नाही, कारण ३२ हा आकडा कुणालाच खोटा वाटत नाही.

तपासणी सोपी आहे. इग्निशन बंद करून कनेक्टर काढा, मीटर ओहमवर ठेवा आणि सेन्सरचं टोक चिमटीत धरा. सेन्सर बोटांपेक्षा गार असेल तर रोध सावकाश, सलग उतरला पाहिजे. उड्या मारत असेल तर सेन्सर गेला. मग इग्निशन चालू करून गाडीकडच्या दोन पिनांमध्ये ५ व्होल्ट येतात का, ते बघा. येत नसतील तर दोष वायरिंगमध्ये किंवा युनिटमध्ये आहे. नवा सेन्सर आणून काही साधणार नाही. बंपरचं काम झालेल्या गाडीत सेन्सर क्लिपमधून सुटून रेडिएटरला टेकलेला नाही ना, तेही पाहावं.

सिग्नलला उभ्या गाडीत आकडा चढतो, तो मात्र बिघाड नव्हे. रेडिएटरची धग आणि तापलेलं डांबर सेन्सरला खरोखरच लागत असतं. म्हणून बऱ्याच गाड्यांत आकडा खाली लगेच येतो, पण वर चढू द्यायचा तो गाडीने वेग घेतल्यावरच. सेन्सर बदलल्यावरही हाच नियम लागतो: गॅरेजमध्ये उभ्या उभ्या जुनाच आकडा दिसत राहतो, आणि काही जण चांगला नवा सेन्सर खराब समजून परत करतात.