बाळाचं जाडजूड ब्लँकेट आणि चौकडीची वीण

नमस्कार मंडळी! काय, आवराआवर झाली का? नसेल झाली तर राहू दे, रेडिओ तेवढा जरा मोठा करा. तर घरात कुणाचं तरी बाळंतपण जवळ आलंय, बाळंतविड्यातली झबली-टोपडी-दुपटी सगळी आली, आणि आता आत्याच्या नाहीतर मावशीच्या मनात आलंय की एक जाडजूड लोकरीचं ब्लँकेट आपल्या हातानं विणायचं, आणि त्यावर नक्षी पण पाहिजे. विणा की! फक्त एक सांगते, जाड लोकर घेतली की नक्षी साधीच घ्यायची.

का, ते बघा. जाड लोकरीत एक टाका जवळजवळ 1 सेंटीमीटर रुंद होतो, म्हणजे 75 सेंटीमीटर रुंदीत टाके बसणार ऐंशीच्या आसपास. त्यात तुम्ही 25 टाक्यांचं पान काढायला गेलात तर तीन पानांतच रुंदी संपली, आणि लांबून बघणाऱ्याला ते पान आहे का गाठोडं तेही कळत नाही. जाळीची वीण तर बाळाला नकोच, एवढीएवढी बोटं असतात, भोकात अडकतात. त्यापेक्षा सुलट-उलटची चौकडी घ्या, म्हणजे सपाट दिसणारे सुलट टाके आणि गाठीसारखे उठलेले उलट टाके यांचे आलटूनपालटून चौकोन, टोपलीसारखी दिसते, जाड लोकरीत उठून दिसते आणि मुख्य म्हणजे कडेनं गुंडाळत नाही.

आता लोकर. आपल्या कोल्हापूर भागात लोकर म्हटलं की पहिली आठवते धनगराची घोंगडी, पट्टणकोडोलीच्या यात्रेला खांद्याखांद्यावर दिसते ती. दख्खनी मेंढीची लोकर पावसाला-थंडीला लई भारी, पण राठ, बाळाच्या अंगाला टोचणार. म्हणून मऊ अॅक्रिलिक घ्या, नाहीतर बाळासाठीची म्हणून मिळणारी मऊ लोकर, आणि घेताना गुंडा गळ्याला लावून बघा, तिथं खाजलं नाही म्हणजे जमलं. महाद्वार रोडला नाहीतर राजारामपुरीत हिंडून जाड लोकर नाही मिळाली तर अडून बसू नका, नेहमीच्या लोकरीचे दोन-तीन धागे एकत्र धरून विणा, तेवढीच जाडी येते. वजनाला 600-700 ग्रॅम धरून चला आणि सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, एकदमच घ्या, नंतर आणलेला पांढरासुद्धा वेगळा दिसतो.

सुया 8 मिलिमीटरच्या. जुन्या नंबरात ही 0 नंबरची सुई, म्हणजे आईच्या डब्यातली 10 नंबरची काढून बसू नका, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते, 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. वायरवाली गोल सुई मिळाली तर लई उत्तम, विणलेलं वजन मांडीवर राहतं, मनगटं भरून येत नाहीत.

आधी छोटा चौकोन विणून मोजा. 10 सेंटीमीटरला 11-12 टाके आले की 84 टाके घाला. पहिल्या 6 ओळी सगळ्या सुलट, ही खालची पट्टी. मग दोन्ही कडेचे 4-4 टाके कायम सुलटच, आणि मधल्या 76 मध्ये 4 सुलट, 4 उलट, 4 सुलट असं करत शेवटी 4 सुलटवर यायचं. परत येताना मधले टाके दिसतील तसे विणा, सुलट दिसला तर सुलट, उलट दिसला तर उलट. अशा 6 ओळी झाल्या की अदलाबदल, सुलटच्या डोक्यावर उलट. आता म्हणाल 4 टाक्यांना 6 ओळी का, तर टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो, 4 ओळीच केल्या तर चौकोन बसका होतो. 90 सेंटीमीटरच्या आसपास आलात की परत 6 ओळी सुलट, आणि टाके बंद करताना हात सैल, नाहीतर वरची कड आवळते.

एक मात्र मनावर घ्या. आपल्याकडं बाळाला शेक-शेगडी, धुरी असतेच. अॅक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि अंगाला चिकटतं, तेव्हा धुरीच्या वेळी ते ब्लँकेट त्या खोलीतसुद्धा नको. आणि वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना अंगावर सुटं पांघरूण टाकू नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, मग आजी काहीही म्हणू दे. हे ब्लँकेट मांडीवर घेताना, खाली पसरून खेळवताना, नाहीतर जानेवारीत पन्हाळ्याला नेताना, बाळ जागं आणि आपली नजर त्याच्यावर. गोंडे, मणी, बटणं लावू नका, ती तोंडातच जातात. धाग्यांची टोकं 15 सेंटीमीटर ठेवून सुईनं आत नीट ओवा, नुसती गाठ मारून कापलं की धुण्यात सुटतं.

धुणं म्हणाल तर कोमट पाणी, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलं की ओल्या वजनानं लांबतं. इस्त्री तर अजिबात नको, अॅक्रिलिक मरगळून जातं ते परत उठत नाही. आणि जुलैत आपल्या कोल्हापुरात रुमाल वाळायची मारामार, तिथं हे जाडजूड प्रकरण दोन-दोन दिवस दमट राहून वास मारणार, म्हणून बारसं पावसाळ्यातलं असेल तर धुऊन, पंख्याखाली खडखडीत वाळवूनच पिशवीत घाला.