पैजेची माळ

नमस्कार, श्रोतेहो.

एका बाईपासून सुरुवात करतो. ही बाई जुगारी आहे, आणि जुगारात हरण्याबद्दल तिची कीर्ती एवढी पसरलेली आहे की ती गावात आली म्हणजे अड्डेवाल्यांना दिवाळी आल्यासारखे वाटावे. हरण्याचे तिला काही वाटत नाही. तिला धास्ती वाटते ती जिंकण्याची. डाव आपल्या बाजूने पडला की मागोमाग काहीतरी अशुभ येणार, हे तिने अनुभवाने ओळखलेले आहे. तिचे नाव त्सुनादे, आणि मासाशी किशिमोतो या जपानी चित्रकथाकाराच्या ‘नारुतो’ या निंजांच्या मांगामालिकेतले हे पात्र आहे. ही मालिका ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १९९९ साली सुरू झाली आणि २०१४ च्या नोव्हेंबरात सातशेव्या प्रकरणापाशी संपली. पुस्तकरूपात तिचे ७२ खंड आहेत. एवढा पसारा पंधरा मिनिटांत सांगणे शक्य नाही, आणि माझा तो हेतूही नाही. या कथेतल्या माणसांनी केलेल्या जीवघेण्या सौद्यांविषयी मला बोलायचे आहे, कारण ज्या ज्या जागी वाचकाचा घसा दाटून येतो, त्या जागी बहुतेक वेळा कोणीतरी काहीतरी गहाण टाकलेले असते. ज्यांना कथानक आधी कळू नये असे वाटते, त्यांनी आवाज थोडा कमी केला तरी माझी हरकत नाही.

कथेचा पायाच मुळी एका सौद्यावर उभा आहे. कोनोहा नावाच्या निंजांच्या गावावर नऊ शेपट्यांचा एक अक्राळविक्राळ कोल्हा चालून येतो. गावाचा प्रमुख, म्हणजे चौथा होकागे मिनातो, मृत्युदेवतेला पाचारण करतो आणि तिच्या साहाय्याने तो कोल्हा एका नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या देहात बंदिस्त करतो. या विद्येचे मोल म्हणून मिनातोचा आत्मा मृत्युदेवतेच्या पोटात जातो, त्यामुळे त्याने किंमत मोजली नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याने एकदाच मोजली. ते बालक त्याचाच मुलगा नारुतो, आणि त्याला मात्र तीच किंमत रोज थोडी थोडी फेडावी लागली: दुकानदाराच्या नजरेतून, इतर मुलांच्या आयांनी आपल्या पोरांना हात धरून बाजूला ओढण्यातून, शाळेबाहेरच्या एकट्या झोपाळ्यावरून. सौदा एकाने करावा आणि हप्ते दुसऱ्याने भरावेत, हे या कथेत पुन्हा पुन्हा घडते. पुढे सोळा वर्षांच्या नारुतोची आपल्या मृत बापाशी मनाच्या गाभाऱ्यात गाठ पडते, तेव्हा तो आधी बापाच्या पोटात एक ठोसा लगावतो आणि मग रडू लागतो. ही दोन्ही कामे त्याच क्रमाने व्हायला हवी होती, असे मला वाटते.

पहिला मोठा भावनिक धक्का मात्र याच्या कितीतरी आधी, लाटांच्या देशातल्या पुलावर बसतो. तिथे झाबुझा हा पळून गेलेला निंजा गातो नावाच्या एका लबाड व्यापाऱ्याच्या पैशांवर लढत आहे, आणि त्याच्याबरोबर हाकू हा मुलगा आहे, जो स्वतःला झाबुझाचे हत्यार म्हणवून घेतो आणि त्यातच धन्यता मानतो. हाकू झाबुझावरचा घाव आपल्या छातीवर घेऊन मरतो. तेवढ्यात गातो भाडोत्री गुंडांची फौज घेऊन येतो, कारण ठरलेली रक्कम द्यायची नाही हे त्याने आधीच ठरवलेले असते, आणि येता येता तो हाकूच्या प्रेताला लाथ मारतो. हे पाहून बारा वर्षांचा नारुतो झाबुझावर ओरडतो की तुझ्यासाठी ज्याने जीव दिला त्याच्याबद्दल तुला खरोखर काहीच वाटत नाही का. आणि त्या पट्ट्या बांधलेल्या चेहऱ्यावरून अश्रू ओघळतात. झाबुझाचे दोन्ही हात निकामी झालेले असतात, म्हणून तो कुनाई, म्हणजे निंजांचा छोटा सुरा, दातांत धरून त्या गर्दीत घुसतो आणि गातोला संपवतो. त्यानंतर बर्फ पडू लागते. मांगा काळ्या-पांढऱ्यात छापलेली असते, त्यामुळे बर्फ रंगवण्याची सोयच नसते. जिथे शाई लावायची राहू दिली, तिथे बर्फ. हाकूच्या शेजारी निजवलेल्या झाबुझाच्या गालावर तशी एक न रंगवलेली जागा येऊन टेकते, आणि शाई नसलेल्या त्या ठिपक्याने मला पानभर संवादांपेक्षा जास्त हलवले.

आता त्सुनादेकडे वळतो. तिचे आणि तिच्या दोन जुन्या सहकाऱ्यांचे, म्हणजे नारुतोचा गुरू जिराइया आणि पुढे गावाचा शत्रू झालेला ओरोचिमारू यांचे, अशी तिन्ही नावे एकोणिसाव्या शतकातल्या एका लोकप्रिय जपानी साहसकथेतून आलेली आहेत. बेडूक, गोगलगाय आणि साप ही त्यांची खूणही तिथलीच. किशिमोतोने त्यांना नवे दुःख दिले. त्सुनादेच्या गळ्यात तिच्या आजोबांची, म्हणजे पहिल्या होकागेची एक स्फटिकाची माळ असते. ती तिने धाकट्या भावाला दिली आणि तो लढाईत मेला. नंतर ती तिने प्रियकराला दिली; तो तिच्या हाताखाली रक्तस्राव होऊन गेला, आणि देशातली सर्वांत निष्णात वैद्य असलेल्या या बाईला तेव्हापासून रक्त पाहिले की कापरे भरू लागले. दोघांचेही होकागे होण्याचे स्वप्न होते.

अशा बाईपुढे एकाच आठवड्यात दोन सौदे येतात. ओरोचिमारूचे हात तिसऱ्या होकागेने मरता मरता निकामी केलेले आहेत. ते बरे कर, मी तुझा भाऊ आणि तुझा प्रियकर दोघांनाही जिवंत करून तुझ्यापुढे उभे करतो, असे तो सांगतो आणि विचार करायला एक आठवड्याची मुदत देतो. दुसरा सौदा नारुतोचा आहे, आणि तो सौदा कसला, खानावळीतल्या बाचाबाचीतून रस्त्यावर आलेली पैज. होकागे मूर्खच होतात, असे ती म्हणते. हा पोरगा चवताळतो. ती त्याला एका बोटाने लोळवते. मग ठरते असे की रासेंगान ही तळहातावर शक्तीचा गोळा फिरवण्याची अवघड विद्या त्याने एका आठवड्यात आत्मसात केली तर माळ त्याची, नाहीतर त्याच्या बेडकाच्या आकाराच्या बटव्यातले सगळे पैसे तिचे. एका बाजूला मेलेली माणसे आणि दुसऱ्या बाजूला एका पोराची चिल्लर अशी ही तुलना हास्यास्पद आहे, आणि लेखकाची खुबी अशी की ती हास्यास्पद असल्यामुळेच दुसरी पैज आपल्या जिव्हारी लागते.

आठवड्याच्या शेवटी त्सुनादे ओरोचिमारूपुढे उभी राहते. तिच्या हाताभोवती चक्राची शक्ती उजळलेली आहे (हा ‘चक्र’ शब्द मुळात आपल्या संस्कृतातलाच), पण ती बरे करणारी नसून मारणारी आहे, आणि ओरोचिमारूचा साथीदार काबुतो ते ओळखून तिला ऐन क्षणी अडवतो. तिने नकार दिला आहे खरा. पण तो देताना तिच्या डोळ्यांत पाणी आहे, कारण त्या दोघांना एकदा पाहण्याची, स्पर्श करण्याची ओढ खोटी नव्हती, हे ती स्वतःच कबूल करते. मोहाला बळी न पडलेली माणसे आपण कथांत पुष्कळ वाचतो, मात्र मोह किती गोड होता हे सांगून मग तो नाकारणारी फार कमी असतात. पुढच्या झटापटीत काबुतो मुद्दाम स्वतःची नस कापून तिच्यावर रक्त उडवतो आणि ती जागच्या जागी थिजते. तेव्हा नारुतो मध्ये येतो. काबुतोची कुनाई तो चुकवत नाही, ती आपल्या तळहातातून आरपार जाऊ देतो आणि त्याच हाताने काबुतोची मूठ गच्च धरून ठेवतो, म्हणजे शत्रूला हलता येऊ नये. मोकळ्या राहिलेल्या हातात, विद्येने उभ्या केलेल्या स्वतःच्याच प्रतिरूपाच्या मदतीने, रासेंगान गरगरू लागते. पैज जिंकल्यावर तो कोसळतो, आणि त्सुनादे थरथरत्या हातांनी त्याचे हृदय पुन्हा चालू करते. बेशुद्धीच्या उंबरठ्यावरून त्याचा हात वर येतो आणि माळ पकडतो. ती स्वतःच्या हाताने ती त्याच्या गळ्यात बांधते, मग ओरोचिमारूच्या तलवारीपुढे आडवी उभी राहते, रक्ताने माखते, आणि या वेळी तिला कापरे भरत नाही.

नारुतोचा सोबती सासुके याच्या बाबतीत मला इतकी उबदार भाषा वापरता येत नाही. त्याचा थोरला भाऊ इताची याने गावाच्या सत्ताधाऱ्यांच्या सांगण्यावरून आपले अख्खे कूळ कापून काढले आणि मोबदल्यात एकच मागितले, की धाकट्याला हात लागता कामा नये. आपला जीव कशाच्या बदल्यात वाचला, हे त्या धाकट्याला वर्षानुवर्षे ठाऊकच नव्हते. त्याला फक्त सूड ठाऊक होता, आणि सुडासाठी लागणारे बळ मिळावे म्हणून तो ओरोचिमारूकडे जातो. अट अशी की पुढे त्याचा देहच ओरोचिमारूचा व्हावा. त्याच्याच तुकडीतली साकुरा त्याला रात्रीच्या रस्त्यावर अडवते, रडते, मलाही ने म्हणते. तो तिचे आभार मानतो आणि तिला बेशुद्ध करून बाकावर निजवून निघून जातो. पुढे देह द्यायची वेळ येते तेव्हा सासुके सावकारालाच गिळून टाकतो.

पण त्याला परत आणायला निघालेल्या मुलांपैकी चोजी या गुबगुबीत, सदा काहीतरी खात असलेल्या मुलाचा सौदा मला सासुकेच्या सौद्याहून मोठा वाटतो. त्याच्या घराण्याच्या तीन गोळ्या असतात: हिरवी, पिवळी आणि लाल. प्रत्येक गोळीत मागचीपेक्षा जास्त बळ आणि जास्त यातना असतात, आणि लाल गोळी घेणारा बहुधा मरतो. चोजी तिन्ही खातो, कारण शत्रूने त्याच्या मित्राला, शिकामारूला, निकामी पुढारी म्हटलेले असते. तो वाचतो, पण मोहीम फसते, आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात तो शिकामारू, ज्याला एरवी सगळ्याचाच कंटाळा येतो, रडत राहतो.

वाळूच्या गावातल्या चियो आजीबद्दल सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. गाराच्या, म्हणजे पुढे त्या गावाचा प्रमुख झालेल्या मुलाच्या, अंगात राक्षस कोंडणारी हीच; तो राक्षस काढून घेतल्यामुळे गारा मेला, तेव्हा नारुतोने तिला तिच्या तोंडावर जाब विचारला. तिच्याजवळ एक विद्या होती, स्वतःचा प्राण देऊन दुसऱ्याला उठवण्याची, जी तिने आपल्या नातवासाठी घडवली होती आणि नातू केव्हाच हाताबाहेर गेला होता. ती विद्या तिने गारासाठी वापरली. शक्ती कमी पडली, तेव्हा तिने नारुतोला त्याचे हात आपल्या हातांवर ठेवायला सांगितले. या सबंध मालिकेत हप्ते भरायला दुसऱ्या कोणाला मागे न ठेवता जुने देणे चुकते करणारी, मला तरी, ही म्हातारी एकटीच दिसते.

याउलट, नागातो हा शत्रू जेव्हा कोनोहा उद्ध्वस्त करतो आणि नारुतोशी बोलून झाल्यावर आपला जीव देऊन त्या हल्ल्यातल्या सगळ्या मृतांना उठवतो, तेव्हा लेखकाने हिशेबात घाऊक सूट दिली, असे माझे मत आहे. आपल्या गुरूला, जिराइयाला, मारणाऱ्या या नागातोसमोर गुरूचे पुस्तक हातात घेऊन नारुतो बसतो, तो प्रसंग भक्कम आहे. त्यानंतरची पुनरुत्थाने तेवढी नाहीत.

त्याच हल्ल्याच्या वेळी त्सुनादे पाचवी होकागे होती. कपाळावरच्या खुणेत वर्षानुवर्षे साठवलेली, तिला तरुण दाखवणारी सगळी शक्ती तिने आपल्या महाकाय गोगलगाईच्या तुकड्यांमार्फत गावातल्या एकेका माणसापर्यंत पोहोचवली आणि ती सुरकुतून कोसळली. तिकडे नारुतोच्या आतला कोल्हा उसळला. त्याला आवरायला ती माळ पुढे आली आणि तिचे तुकडे झाले. आधीच्या दोन वेळा माळ शाबूत राहिली होती आणि ती घालणारा उरला नव्हता. या खेपेला माळ फुटली, आणि थकलेला मुलगा आपल्या शिक्षकाच्या पाठीवर बसून गावाच्या वेशीपर्यंत परत आला. अवघा गाव त्याला पाहायला जमला होता. त्सुनादे मात्र अजून शुद्धीवर आली नव्हती.