बटण दाबलं, पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

किल्ली खिशात, पाय ब्रेकवर, बोट बटणावर, आणि इंजिन सुरू. पण इंजिन सुरू करण्याइतकी ताकद त्या बटणात नसतेच. स्टार्टर मोटर इंजिन फिरवताना १०० अँपिअरहून अधिक करंट खेचते. बटणातून जातो तो एक इवलासा सिग्नल, गाडीतल्या कंट्रोल युनिटकडे. बटण नुसतं विचारतं. होकार द्यायचा की नाही, ते युनिट ठरवतं.

ते आधी किल्लीचा शोध घेतं. दारांत आणि आसनांजवळ लपवलेले अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झवर हाक मारतात. रेडिओच्या मीडियम वेव्हपेक्षाही कितीतरी खालची ही फ्रिक्वेन्सी. तिचा जोर मीटर-दोन मीटरवर संपतो, आणि तेच हवं असतं: किल्ली घरात आणि गाडी चालू, असं होता कामा नये. हाकेसोबत गाडी एक आकडा पाठवते. किल्ली आपल्याजवळच्या गुप्त संकेताने त्यावर गणित करते आणि उत्तर ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झवर परत धाडते. तेच गणित गाडीनेही केलेलं असतं. उत्तर जुळलं तर किल्ली खरी. पुढच्या वेळी आकडा नवा, त्यामुळे कालचं उत्तर कुणी टिपून ठेवलं तरी फुकट. हे सगळं होतं क्षणाच्याही आत.

मग ब्रेक दाबलाय का, गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहिलं जातं. हाताने गिअर टाकायच्या गाडीत बहुधा क्लच. सगळं ठीक असेल तर स्टिअरिंगचं लॉक सुटतं, इमोबिलायझर, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं कुलूप, वाट मोकळी करतो आणि रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, स्टार्टरला करंट देतो. इंजिनने वेग धरला की रिले आपणहून सुटतो. म्हणून बटण दाबून धरावं लागत नाही.

चोरांनी मात्र या गणिताला हातच लावला नाही! एक जण गाडीपाशी, दुसरा किल्लीच्या जवळ. दोघांच्या हातातली यंत्रं हाक आणि उत्तर फक्त पुढे पोचवतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली १० मॉडेलांवर हे करून दाखवलं. नव्या अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे खूप रुंद पट्ट्यातल्या रेडिओलहरी वापरणाऱ्या, किल्ल्यांचा इलाज मला पटतो: त्या उत्तराला लागलेला वेळच मोजतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, जेमतेम ३० सेंटिमीटर जाते, तेव्हा लांबून आलेलं उत्तर लगेच पकडलं जातं.

किल्लीतला सेल संपला तर घाबरू नका. बहुतेक गाड्यांत किल्ली बटणाला किंवा नेमून दिलेल्या जागी टेकवायची. आतली चिप गाडीच्याच लहरींवर वीज मिळवून उत्तर देते. ती जागा मॅन्युअलमध्ये आधीच पाहून ठेवा. आणि एक: चालू गाडीतून किल्ली घेऊन कुणी उतरलं तर इंजिन सहसा बंद पडत नाही, फक्त इशारा वाजतो. तो कानाआड केलात, तर पुढच्या मुक्कामी गाडी बंद होईल खरी, पण परत सुरू व्हायची नाही.

नमस्कार.